रात्रपाळी आणि दिवसाची झोप

सकाळी सात वाजता कारखान्याच्या दारात माणसांचे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात. एक आत जाणारा. नुकतेच स्नान आटोपून, भरलेला डबा घेऊन आलेला. दुसरा बाहेर पडणारा. रिकामा डबा आणि जड पापण्या घेऊन घराकडे वळलेला. आत जाणाऱ्याचा दिवस उगवलेला असतो. बाहेर पडणाऱ्याची रात्र मात्र आता सुरू व्हावयाची असते, आणि तीही भर उन्हात. तो घरी पोचतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मुलांची शाळेची धांदल चाललेली असते, दारावर भाजीवाला ओरडत असतो, शेजारच्या स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असतात. तो अंथरुणावर अंग टाकतो आणि त्याला तत्काळ झोप लागतेही. पण एकच्या सुमारास जाग येते, ती पुन्हा डोळा लागू देत नाही. संध्याकाळी शेजारी भेटतो आणि सहज विचारतो, "काय, आज दिवसभर मस्त ताणून दिली वाटते?"

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. तथापि या एका प्रश्नात रात्रपाळीविषयीचा सारा गैरसमज साठविलेला आहे. रात्री आठ तास काम केले, दिवसा आठ तास झोप घेतली, म्हणजे हिशेब पुरा झाला. तास तेवढेच, फक्त त्यांची जागा बदलली. आरंभी थोडे जड जाईल, पुढे सवय होईल, असे बहुतेकांना वाटते. हा हिशेब कागदावर बरोबर आहे, शरीरात मात्र तो चुकतो. तो का चुकतो हे समजले, तर रात्रपाळी करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि मालकांची दृष्टी पुष्कळ बदलेल.

रात्रीचे जागरण माणसाला नवीन नाही. पिकाची राखण करणारा शेतकरी, भरतीच्या वेळेला होडी लोटणारा कोळी, अडलेल्या बाळंतिणीसाठी मध्यरात्री धावत येणारी सुईण ही माणसे पूर्वीही रात्री जागत. पण ते जागरण प्रसंगाचे असे. हंगाम संपला की संपत असे. ठरलेल्या वेळापत्रकाने शेकडो माणसांनी रात्रभर उभे राहून काम करावे ही पद्धत यंत्र आणि दिवा यांनी मिळून आणली. विजेचा दिवा गिरणीत आला तेव्हा सूर्यास्ताचे बंधन उरले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचे तास इतके लांबले, की १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. त्यापूर्वी आठवड्याच्या एका सुट्टीसाठीही नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून चळवळ करावी लागली होती; गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. पुढे १९४८ च्या कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा ठरविली. तासांची संख्या अशी कमी होत गेली. पण ते तास दिवसाचे की रात्रीचे, हा प्रश्न बराचसा मागेच राहिला.

मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत अनेक कामगार राहत आणि पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा माणूस बाहेर पडला, की त्याच जागेवर रात्रपाळीचा माणूस पाठ टेकीत असे. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील जुन्या मोठ्या गिरण्याही तीन पाळ्यांत चालत. या गिरण्या आता बंद पडल्या, पण रात्रपाळी काही गेली नाही. तिने केवळ जागा बदलली. वडोदऱ्याजवळच्या कोयली येथील तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यातील भट्ट्या रोज संध्याकाळी विझवून सकाळी पेटविता येत नाहीत. मुरगावच्या बंदरात आलेले जहाज सूर्योदयाची वाट पाहत थांबविणे परवडत नाही. हैदराबादच्या कार्यालयात बसून अमेरिकेतील ग्राहकाच्या दूरध्वनीला उत्तर देणाऱ्या तरुणाला तेथील दिवस म्हणजे आपली रात्र पत्करावी लागते. रुग्णालय, रेल्वे, वीजकेंद्र, पोलीस ठाणे यांना तर मिटण्यासाठी दारच नाही. वाचकाच्या हातात सकाळी पडणारे वृत्तपत्रसुद्धा कोणीतरी रात्र जागून छापलेले असते. समाजाचा दिवस ज्यांच्या रात्रीवर उभा आहे, त्यांची संख्या अशी मोठी आहे.

आता प्रश्न असा, की शरीराला रात्र कळते कशी? डोळे मिटून अंधाऱ्या खोलीत पडले, तर दिवस काय आणि रात्र काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका झाडाने दिले. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. तिची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात हे सर्वांना ठाऊक होते. ती सूर्याला पाहून तसे करतात अशी समजूत होती. पण अंधारातही पाने आपल्या वेळेला उघडत राहिली. याचा अर्थ असा, की झाड केवळ बाहेरच्या उजेडावर चालत नव्हते. त्याच्या आतच कसले तरी घड्याळ होते.

माणसाच्या बाबतीत असाच एक प्रयोग १९३८ साली झाला. शिकागो विद्यापीठातील नॅथनिएल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे दोघे अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ नावाच्या प्रचंड गुहेत बत्तीस दिवस राहिले. तेथे सूर्य नव्हता आणि तापमान सदैव सारखे होते. त्यांनी आपला दिवस चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा केला आणि त्याप्रमाणे झोपण्याउठण्याचा नेम ठेवला. तरुण रिचर्डसनच्या शरीराने या नव्या दिवसाशी जुळवून घेतले. क्लाइटमन यांच्या शरीराने मात्र ऐकले नाही. त्यांच्या अंगाचे तापमान गुहेतही जुन्याच चोवीस तासांच्या चालीने चढत-उतरत राहिले. इच्छा होती, शिस्त होती, अंधार आणि शांतताही होती. तरी शरीर बदलले नाही. 'सवय होईल' असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा.

हे घड्याळ कोठे असते, हेही आता माहीत झाले आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शाळेतील मुख्य घंटेने जसे सारे वर्ग चालावेत, तसे या पुंजक्याच्या तालावर शरीराचे सारे अवयव चालतात. यकृत, आतडी, हृदय यांच्या पेशींतही आपापली लहान घड्याळे असतात, आणि मुख्य घड्याळ त्यांना एकत्र ठेवते. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित हळू चालते. म्हणून ते दररोज लावून घ्यावे लागते, आणि ते लावण्याचे काम मुख्यतः उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी आहेत; त्यांचे मुख्य काम वस्तू दाखविण्याचे नसून दिवस उगवल्याची वर्दी मेंदूला देण्याचे आहे. रात्रपाळीच्या माणसाची कोंडी येथेच होते. रात्रभर दिव्याखाली काम करून तो शरीराला सांगू पाहतो, की आता दिवस आहे. पण सकाळी घरी जाताना त्याच्या डोळ्यांवर जे ऊन पडते, ते कारखान्यातील दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असते. ते ऊन त्याची सारी रात्रीची शिकवण पुसून टाकते. त्यात साप्ताहिक सुट्टी आली, की तो कुटुंबाबरोबर दिवसा जागतो आणि रात्री झोपतो. आणि थोडेफार सरकलेले घड्याळ पुन्हा मूळ जागी येते. म्हणूनच वर्षानुवर्षे रात्रपाळी करूनही फारच थोड्या माणसांचे शरीर तिच्याशी पुरते जुळते.

रात्री शरीरात काय घडते ते पाहिले, म्हणजे रात्रीच्या कामाचे कष्ट समजतात. अंधार पडल्यावर मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते. ते शरीराला रात्रीची सूचना देते. अंगाचे तापमान हळूहळू उतरू लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास नीचांकाला पोचते. याच वेळी लक्ष सर्वांत मंद असते आणि हात सर्वांत सावकाश हलतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. ज्याला दुपारी झोप मिळाली नाही, असा रात्रपाळीचा कामगार पहाटे यापेक्षाही अधिक काळ जागा असतो. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रातील अपघात १९७९ साली पहाटे चारच्या सुमारास झाला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये विषारी वायू पसरला तोही मध्यरात्रीनंतर. या दुर्घटनांची कारणे अनेक होती आणि त्यांचे खापर रात्रीच्या कामगारावर फोडणे अन्यायाचे होईल. यंत्राची चूक ओळखण्याची सर्वांत अधिक गरज ज्या वेळी पडली, त्या वेळी माणसाचे शरीर निद्रेच्या तळाशी असते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आता दुपारी एकला येणारी ती जाग. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे जागेपणाचे ऋण. माणूस जितका वेळ जागतो तितके हे ऋण वाढते आणि झोपेने ते फिटत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. रात्री झोपणाऱ्याला दोन्हींचे साह्य मिळते. पहाटेपर्यंत ऋण बरेचसे फिटले, तरी घड्याळ म्हणते, 'अजून रात्र आहे, झोप.' त्यामुळे सात-आठ तासांची सलग झोप मिळते. रात्रपाळीच्या माणसाचे सकाळचे ऋण मोठे असते, म्हणून त्याला पडल्याबरोबर झोप लागते. पण चार-पाच तासांनी ऋण निम्मेशिम्मे फिटते न फिटते, तोच घड्याळ ऐन दिवसाच्या चढावर आलेले असते. तापमान वाढलेले, मेलॅटोनिन ओसरलेले, आतडी अन्नाची वाट पाहत असलेली. झोपेला खाली ओढणारे एक बळ उणे झाले, की उरलेले थोडे ऋण तिला धरून ठेवू शकत नाही. त्यातच बाहेर एखादी मोटार कर्कश वाजली, की संपले. अशी दिवसाची झोप बहुधा पाच-सहा तासांवर जात नाही. रोज दोन तासांची उणीव धरली, तरी सहा रात्रींच्या पाळीत दीड रात्रीची झोप बुडते. 'ताणून दिली' असे ज्याला शेजारी म्हणतो, तो माणूस वस्तुतः झोपेचा कर्जदार असतो.

या कर्जाचे व्याज शरीर निरनिराळ्या प्रकारे भरते. पहिली तक्रार बहुधा पोटाची. पहाटे दोन वाजता डबा उघडला, तरी आतडी त्या वेळी विश्रांतीच्या तयारीत असतात; मग आम्लपित्त, बद्धकोष्ठ, भूक मरणे हे सुरू होते. रात्री घेतलेल्या अन्नातील साखर शरीर दिवसाइतक्या सहजतेने वापरीत नाही, ती रक्तात अधिक काळ रेंगाळते. दीर्घकाळ पाळ्यांत काम करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडविणाऱ्या पाळ्यांच्या कामाला कर्करोगाचे 'संभाव्य कारण' म्हटले आणि २०१९ साली पुन्हा तपासणी करून तेच मत कायम ठेवले. अर्थात रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला हे रोग होतातच असे मुळीच नव्हे. धोका वाढतो, एवढाच याचा अर्थ. आणि धोका माहीत असलेला बरा, कारण त्यावर इलाज करता येतो.

शरीराप्रमाणे संसारालाही याची झळ लागते. मुले शाळेतून येतात तेव्हा वडील कामाला निघण्याच्या तयारीत असतात. गणपतीची आरती, नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना, नात्यातले लग्न अशा प्रसंगी त्या घरातील एक पाट किंवा एक खुर्ची रिकामी राहते. हळूहळू लोक अशा माणसाला बोलावणे सोडून देतात. स्त्रीच्या वाट्याला तर दुहेरी भार येतो. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांच्या कारखान्यातील रात्रीच्या कामावर बंधन घातले होते. पण रुग्णालय हा कारखाना नसल्यामुळे परिचारिकेला ते कधी लागूच नव्हते. रात्रभर रुग्णांची शुश्रूषा करून ती सकाळी घरी येते, तेव्हा चूल, पाणी, मुलांचे डबे तिची वाट पाहत असतात. पुरुष निदान अंथरुणावर पडतो. तिला अंथरूण गाठावयासच दहा-अकरा वाजतात, आणि दुपारी मूल शाळेतून आले की उठावे लागते. तिच्या झोपेचे तास मोजले तर घरच्यांचे डोळे उघडतील.

मग यावर उपाय काय? रात्रपाळी बंद करा असे म्हणणे सोपे आहे. पण रुग्णालयाला आणि वीजकेंद्राला ते शक्य नाही. तथापि तिची धार बोथट करता येते, आणि ते काम तिघांनी वाटून घ्यावयाचे आहे.

पहिला वाटा व्यवस्थापकांचा. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून हळू चालत असल्यामुळे त्याला पुढे ढकललेले सोसते, मागे ओढलेले सोसत नाही. म्हणून फिरत्या पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा असावा. रात्र, दुपार, सकाळ असा उलटा नसावा. अमेरिकेतील युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात उलटा क्रम बदलून सुलटा केला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी फिरविली, तेव्हा कामगारांचे समाधान आणि प्रकृती सुधारलीच, शिवाय उत्पादनही वाढले. त्या संशोधनाचा निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाला. सलग रात्री किती असाव्यात याविषयी मतभेद आहेत आणि आज अनेक तज्ज्ञांचा कल त्या दोन-तीनच ठेवाव्यात याकडे आहे. पण क्रम पुढचा असावा याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये पुरेसे अंतर हवे. युरोपीय देशांनी १९९३ च्या निर्देशाने चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती ठरवून दिली. रात्रीचे काम करणाऱ्यांची आरोग्यतपासणी विनामूल्य व्हावी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९० च्या करारात नमूद आहे. शिवाय पाळ्यांचे पत्रक पुरेसे आधी लावणे, रात्री गरम व हलके अन्न मिळण्याची सोय करणे आणि वीस मिनिटे पाठ टेकण्यास जागा देणे यांस फारसा खर्च येत नाही. अशी अल्प निद्रा म्हणजे कामचुकारपणा नव्हे. पहाटेच्या चुकीवरील तो स्वस्त उपाय आहे.

दुसरा वाटा स्वतः कामगाराचा. पहिल्या रात्रपाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास झोप घ्यावी. मुख्य जेवण निघण्यापूर्वी करावे आणि मध्यरात्रीनंतर थोडेच खावे. चहा-कॉफी पाळीच्या पूर्वार्धात घ्यावी; तिचा अंमल कित्येक तास टिकतो, म्हणून पहाटेचा शेवटचा प्याला सकाळच्या झोपेतून वजा होतो. डोळे मिटू लागले असता स्वतः दुचाकी चालवीत घरी जाणे धोक्याचे. बस किंवा सोबत पाहावी. बसने जाणाऱ्याने गडद चष्मा लावल्यास सकाळच्या उन्हाचा मारा कमी होतो. झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला जाड, काळे कापड लावावे आणि दूरध्वनी बंद ठेवावा. झोप यावी म्हणून मद्य घेऊ नये. ते लवकर झोपविते आणि लवकर उठवितेही. दुपारी जाग आलीच तर चडफडत न पडता उठावे आणि संध्याकाळी पुन्हा थोडे झोपावे. मधुमेह, फेफरे किंवा हृदयविकार असलेल्याने, तसेच गरोदर स्त्रीने, रात्रपाळी पत्करण्यापूर्वी वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

तिसरा वाटा घराचा आणि शेजाराचा. आणि कदाचित हाच सर्वांत मोठा असेल. रात्री दोन वाजता कोणी कोणाच्या दाराची कडी वाजवीत नाही, निरोप सांगत नाही, खिळा ठोकीत नाही. कोणी तसे केलेच तर आपण त्याला असभ्य म्हणतो. रात्रपाळीच्या माणसाचे सकाळचे अकरा म्हणजे त्याचे रात्रीचे दोन होत. या एका गोष्टीची जाणीव ठेवली, की पुष्कळ काही आपोआप सुधारेल. मुलांना समजावून सांगितले तर ती ऐकतात. वडील किंवा आई आळसाने झोपलेली नसून रात्रभर काम करून झोपली आहेत हे कळले, तर तीच दुसऱ्यांना गप्प करू लागतात. दुपारी येणारा वाणी संध्याकाळी येऊ शकतो. परिचारिकेच्या घरी सकाळचा चहा आणि मुलांचे डबे दुसरे कोणी करू शकते. यासाठी कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

गावाचे दिवे रात्रभर जळावेत, रुग्णाच्या हाकेला कोणी 'ओ' द्यावी, गाडी पहाटे वेळेवर स्थानकात शिरावी, असे प्रत्येकाला वाटते. त्यासाठी ज्याने आपली रात्र दिली, त्याला तिच्या मोबदल्यात वेतन मिळते हे खरे. पण वेतनाने झोप विकत घेता येत नाही. ती त्याला भोवतालच्या माणसांनीच द्यावयाची असते. दिवसा एखाद्या घराची खिडकी झाकलेली दिसली, तर तेथून जाणाऱ्याने आवाज थोडा उतरवावा. आत कोणाची तरी रात्र चाललेली असते.